एस्प्रेसो मशीन घेताना: आधी पाणी, वीज आणि दळण, मग कंपनीचं नाव

महाड–म्हाप्रळ रस्त्यावरच्या तुडीलमध्ये आणि आसपासच्या खाडीपट्ट्यात चहाचंच राज्य आहे. पण आखातात नोकरी करणाऱ्या किंवा मुंबई-पुण्यात राहून आलेल्या मंडळींना एस्प्रेसोची सवय लागते आणि गावच्या घरीही तशीच कॉफी हवीशी वाटते. मग शोध सुरू होतो तो चांगल्या इटालियन मशीनचा. जाहिरातीत बार, वॅट, बॉयलर असे शब्द भराभर येतात आणि किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत पसरलेली दिसते.

गावच्या घरात मशीन नीट चालेल का आणि टिकेल का, हे चार गोष्टींवर ठरतं: पाणी, वीज, कॉफीचं दळण आणि दुरुस्तीची सोय. म्हणून कंपनीच्या नावाकडे शेवटी येऊ. आपण या आधी असं मशीन कधी हाताळलेलं नाही असं धरून एकेक पायरी पाहू.

१. आपण कोणती कॉफी पिणार, ते ठरवा

घरात कॉफी पिणारे किती आणि ते काळी पिणार की दुधाची, हे आधी कागदावर लिहा. एकदोन माणसं सकाळी एकेक कप घेणार असतील, तर लहान मशीन पुरतं. चार-पाच जणांना एकापाठोपाठ कॅपुचिनो लागणार असेल, तर गरज वेगळी असते.

पाहुण्यांचा हिशेब मात्र यात धरू नका. लग्नाला किंवा ईदला पन्नास माणसं आली, तर त्यांच्यासाठी चहाचं पातेलंच बरं. वर्षातल्या चार दिवसांसाठी मोठं मशीन घेतलं, तर उरलेले दिवस ते नुसतं वीज आणि ओट्यावरची जागा खातं.

फक्त कडक, दाट कॉफी हवी असेल आणि वरच्या फेसाचा आग्रह नसेल, तर इथेच थांबून मोका पॉटचा विचार करा. इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ मध्ये आणलेलं हे भांडं गॅसवर चालतं. त्याला वीज लागत नाही. बिघडण्यासारखं काही असेल तर ते एक रबरी रिंग. बार हे दाबाचं माप. एस्प्रेसोला नऊ बार लागतात, मोका पॉटमध्ये दाब दीड-दोन बारच्या पुढे जात नाही, त्यामुळे निघते ती एस्प्रेसो नव्हे. तरी अनेक घरांची गरज त्यातच भागते.

२. मशीनच्या आत काय चालतं, ते समजून घ्या

मागच्या टाकीतलं पाणी पंप ओढून घेतो. ते बॉयलरमध्ये, म्हणजे पाणी तापवायच्या बंद भांड्यात, साधारण ९० ते ९५ अंश सेल्सियसपर्यंत तापतं. तिथून ते ग्रूप हेडमधून खाली येतं. मशीनच्या ज्या तोंडाला कॉफीचा दांडा अडकवतात, ते म्हणजे ग्रूप हेड. हे पाणी बारीक दळून दाबलेल्या कॉफीतून जोराने जातं आणि कपात उतरतं.

इटलीतल्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेने या पेयाची मापं घालून दिली आहेत: सुमारे ७ ग्रॅम कॉफी, ९ बार दाब, २५ सेकंद आणि कपात २५ मिलिलिटर. थोड्याफार फरकाने घरी बिघडत नाही, पण हे आकडे लक्षात ठेवा. पुढची प्रत्येक निवड याच मापांपर्यंत पोचण्यासाठी आहे. नऊ बार म्हणजे किती, तर चारचाकीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते, त्याच्या चौपट.

कपावर दिसणाऱ्या सोनेरी-तपकिरी फेसाला क्रेमा म्हणतात. आकिले गाज्जिया यांनी १९३८ मध्ये मिलानमध्ये पेटंट घेतलं आणि पुढे हाताने ओढायच्या दांड्याने दाब देणारी मशीनं आणली. तेव्हापासून हा फेस एस्प्रेसोची ओळख झाला. त्याआधीची बहुतेक मशीनं वाफेच्या दाबावर चालत. १९६१ च्या फाएमा ई-६१ या मशीनने हाताच्या दांड्याची जागा विजेच्या पंपाला दिली. आजच्या घरगुती मशीनमागे मुख्यतः हीच पद्धत आहे.

३. बॉयलरचा प्रकार निवडा

एक बॉयलरवालं मशीन: यात एकाच भांड्यात आधी कॉफीचं पाणी तापतं आणि बटण दाबल्यावर तेच भांडं आणखी तापून दुधाला फेस आणणारी वाफ देतं. गाज्जिया क्लासिक आणि रान्चिलियो सिल्विया ही याची जुनी, नावाजलेली उदाहरणं. एकदोन माणसांच्या घराला हा प्रकार पुरतो. कॉफी आणि वाफ एकाच वेळी मिळत नाहीत, एवढंच.

हीट एक्स्चेंजर: मोठ्या बॉयलरमध्ये वाफ तयार असते आणि त्यातून गेलेल्या नळीत कॉफीचं पाणी तापतं. त्यामुळे दोन्ही कामं बरोबरच होतात. डबल बॉयलरमध्ये दोन्हींसाठी वेगळी भांडी असतात. ही मशीनं उत्तम, पण महाग आणि जड. ई-६१ पद्धतीचं पितळी तोंड असलेलं मशीन नीट तापायला अर्धा तास तरी लागतो. पावसाळ्यात लाईट येत-जात असेल, तर हा अर्धा तास रोज जड जातो.

थर्मोब्लॉक: यात भांडं नसतं. धातूच्या तापलेल्या ठोकळ्यातल्या बारीक वाटेतून पाणी जाता-जाता तापतं. मशीन मिनिटभरात तयार होतं, किंमतही कमी असते. पण त्या बारीक वाटेत क्षार साचले, की साफ करणं कठीण जातं.

हाताच्या दांड्याचं मशीन: ला पावोनीची अशी मशीनं घरांसाठी बरीच वर्षं बनत आली आहेत. यात पंप नाही, वीज फक्त पाणी तापवायला लागते. हात बसायला वेळ लागतो आणि दोनतीन कपांनंतर तोंड फार तापतं. सोस असेल तरच या वाटेला जा.

४. खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका

सर्वांत जास्त फसगत ‘१५ बार’ किंवा ‘२० बार’ या आकड्याने होते. तो पंपाची कमाल ताकद सांगतो. कॉफीला नऊच्या आसपासच लागतात. चांगल्या मशीनमध्ये जास्तीचा दाब परत सोडून देणारी झडप असते. दुकानात विचारायचं ते एवढंच: ही झडप आहे का आणि ती नऊ बारला लावून येते का?

दुसरा शब्द पीआयडी. पाण्याचं तापमान एकदोन अंशांत स्थिर ठेवणारी ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. ती असेल तर सोय होते. नसेल तरी साध्या थर्मोस्टॅटवर चांगली कॉफी निघते, फक्त सवय करावी लागते.

तिसरी गोष्ट ‘इटालियन’ या शब्दाची. कंपनी इटलीची असली तरी मशीन दुसऱ्या देशात बनलेलं असू शकतं. मागच्या किंवा खालच्या पत्र्यावर कुठे बनवलं ते छापलेलं असतं, ते वाचा. बाहेर बनलेलं मशीन वाईटच असतं असं नाही. पण इटलीत बनल्याची जादा किंमत आपण मोजत असाल, तर ते तिथेच बनलेलं असायला हवं.

५. कॉफीचा दांडा आणि जाळी पाहा

कॉफी भरायच्या मुठीच्या दांड्याला पोर्टाफिल्टर म्हणतात आणि त्यात बसणाऱ्या भोकांच्या वाटीला बास्केट किंवा जाळी. पोर्टाफिल्टरचं माप ५८ मिलिमीटर असेल तर उत्तम. हॉटेलांतल्या मशीनांचंही बहुधा हेच माप असतं, म्हणून जाळ्या, रबरी रिंगा आणि टॅम्पर, म्हणजे कॉफी दाबायचा ठोकळा, सहज मिळतात. ५१ मिलिमीटरच्या लहान दांड्यातही कॉफी होते, पण सुटे भाग शोधावे लागतात.

बास्केट दोन प्रकारची असते. एका तळाच्या जाळीत कॉफीचं दळण अचूक लागतं. दुहेरी तळाच्या जाळीत खाली एकच बारीक भोक असतं. ती जाडसर किंवा शिळ्या पुडीतूनही फेस काढून दाखवते. हा फेस दिसायला छान, चवीला पोकळ. मशीनबरोबर एकेरी जाळी मिळते की नाही, ते आधीच विचारा.

६. दळणासाठी पैसे राखून ठेवा

सगळे पैसे मशीनवर घालून ग्राइंडर विसरणं, ही सर्वांत महागात पडणारी चूक. एकूण पैशांचा तिसरा हिस्सा तरी ग्राइंडरसाठी बाजूला काढा. स्वयंपाकघरातला मिक्सर चालत नाही. त्याचं पातं बिया तोडतं, त्यामुळे काही भूस तर काही पीठ होतं. मग पाणी सोपी वाट धरून निघून जातं.

बर ग्राइंडर घ्यावा. त्यात दोन दातेरी चकत्यांमध्ये बी चिरडली जाते आणि दळण एकसारखं होतं. एस्प्रेसोपुरतं बारीक दळणारा आणि अगदी थोड्या-थोड्या फरकाने कमी-जास्त करता येणारा हवा. हाताने फिरवायचे चांगले ग्राइंडरही मिळतात. रोज दोन कपांसाठी ते पुरतात आणि लाईट गेली तरी चालतात.

बिया चिकमगळूर-कोडगूच्या घ्या. इटली भारतीय कॉफीच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी आहे आणि पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवलेली मॉन्सून्ड मलबार कॉफी एस्प्रेसोच्या मिश्रणांत बरीच वापरली जाते. पाकिटावर भाजल्याची तारीख पाहा. आठवडा ते महिनाभर जुन्या बिया चांगल्या. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड या मशीनमध्ये घालू नका, जाळी बुजते. विरघळणारी इन्स्टंट कॉफी तर कधीच नाही.

७. घरातलं पाणी तपासा

ही पायरी खाडीपट्ट्यात सर्वांत महत्त्वाची. किटली किंवा इस्त्रीत पांढरा थर धरतो, तोच बॉयलरच्या आत धरतो आणि झडप, नळ्या हळूहळू बुजवतो. असा थर धरणाऱ्या पाण्याला जड पाणी म्हणतात, त्यात चुना जास्त असतो. दुसरा धोका मिठाचा. खाडीजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागत असेल, तर ते मशीनमध्ये नकोच. मिठातला क्लोराइड स्टीललाही खातो.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेनासारखं टीडीएस मीटर स्वस्तात मिळतं. कॉफीसाठी लिटरला ७५ ते २५० मिलिग्रॅमच्या दरम्यान आकडा चांगला, १५० च्या आसपास उत्तम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतं. म्हणजे पिण्यालायक असलेलं सगळं पाणी मशीनला मानवेलच असं नाही.

मात्र टीडीएस मीटर चुना आणि मीठ यांतला फरक सांगत नाही. त्यासाठी दोन सोप्या परीक्षा करा. पाणी चाखून पाहा, मचूळ वाटलं तर बाद. मग तेच पाणी आठवडाभर एका स्वच्छ किटलीत उकळा. पांढरा थर धरला तर पाणी जड आहे.

यावर उपाय म्हणून अनेक जण आरओचं किंवा जारचं पाणी थेट घालतात. यातही गफलत होते. क्षार जवळपास शून्यावर आलेलं पाणी कॉफीला फिकी करतं आणि धातूला हळूहळू झिजवतं. काही मशीनं टाकी किंवा बॉयलर भरल्याची खूण पाण्यातून वाहणाऱ्या विजेवरून ओळखतात, त्यांना असं पाणी कळतच नाही. आरओच्या पाण्यात नळाचं गोडं, गाळलेलं पाणी मिसळून मीटरवर १०० ते १५० आणणं हा घरगुती तोडगा ठीक आहे. मिसळायचं पाणी मचूळ मात्र नको.

८. वीज आणि प्लग पाहा

घरगुती मशीनं साधारण १००० ते १५०० वॅटची असतात. दिव्या-पंख्याच्या बोर्डावरचा ६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॅट पेलतो. म्हणून १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. त्याच पॉइंटवर एक्स्टेन्शन लावून फ्रिज किंवा मिक्सर चालवू नका.

आर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. मशीनचं अंग धातूचं, आत पाणी आणि वीज शेजारी-शेजारी. आर्थिंग नसलेल्या जागी मशीन लावूच नये. विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवला तर आणखी चांगलं.

व्होल्टेज कमी असेल, तर तापण्याची ताकद त्याहून वेगाने घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले, तर १३०० वॅटचं मशीन सुमारे ८०० वॅटनेच तापतं. पंपही मंदावतो. मग कॉफी आंबट लागते आणि दोष मशीनला दिला जातो. संध्याकाळी दिवे मंद होत असतील, तर पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर लावा. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर हे मशीन चालवू नका.

लाईट जाऊन आली आणि मशीन आपोआप सुरू झालं, तर रिकामं तापत राहण्याचा धोका असतो. म्हणून लाईट गेली की स्विच बंद करण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

९. मशीन कुठून घ्यायचं, ते ठरवा

आखातातून आणणार असाल, तर खालच्या पत्र्यावरचे दोन आकडे फोटो काढून मागवा: व्होल्ट आणि हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. अमिराती, कतार, कुवेत, ओमान इथली मशीनं याला जुळतात. सौदीत ६० हर्ट्झ आहे. फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला पंप आपल्याकडे नीट चालत नाही, तापतो. अमेरिकेतलं १२० व्होल्टचं मशीन तर नकोच.

आखातातला तीन चौकोनी पायांचा प्लग आपल्या बोर्डात बसत नाही. सैल अॅडॉप्टर लावू नका, तो तापून वितळतो. वायरमनकडून १६ अँपिअरचा प्लग बसवून घ्या.

सामानाचं वजनही धरा. सिल्विया एकटं १४ किलो भरतं. वापरलेलं मशीन असेल, तर विमानात देण्याआधी बॉयलर रिकामा करायला सांगा. तिथली वॉरंटी इथे सहसा चालत नाही.

इथे घेणार असाल, तर पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. दुरुस्ती मुंबईत होते की पुण्यात, आणि मशीन तिथवर कोणी न्यायचं? पंप, रबरी रिंग आणि थर्मोस्टॅट सुटे मिळतात का? मशीन उघडायला साधे पाने-पेचकस पुरतात का? बऱ्याच इटालियन घरगुती मशीनांत उल्का ब्रँडचा छोटा, कंपनांवर चालणारा पंप असतो. तो सुटा मिळतो आणि सराईत इलेक्ट्रिशियन बदलू शकतो. टचस्क्रीनचं सर्किट गेलं, तर मात्र महाडच्या बाजारात इलाज नाही.

१०. पहिल्या दिवशी घाई करू नका

मशीन सपाट, मजबूत ओट्यावर ठेवा. पुराचं पाणी शिरणारं घर असेल, तर वरच्या मजल्यावर. टाकी भरा, तोंडातून आणि वाफेच्या नळीतून पाणी येईपर्यंत पंप चालवा आणि मगच तापवा. रिकामा बॉयलर तापवला, तर हीटर जळतो.

दांडा अडकवूनच मशीन पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. दोन कपांच्या जाळीत १४ ते १८ ग्रॅम कॉफी वजन करून भरा, सपाट दाबा. कपाखाली वजनकाटा ठेवा. भरलेल्या कॉफीच्या दुप्पट वजनाची कॉफी २५ ते ३० सेकंदांत उतरली पाहिजे.

दहा-पंधरा सेकंदांतच धो-धो आली आणि आंबट लागली, तर दळण बारीक करा. थेंब-थेंब आली आणि कडू लागली, तर जाडसर करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पावसाळ्यात दमट हवेने दळण वेगळं वागतं, त्यामुळे तेच माप जून आणि जानेवारीत चालेल असं नाही.

दुधासाठी: गावातलं म्हशीचं दूध उकळून, गार करून, साय काढून फ्रिजमध्ये ठेवा. गार दुधालाच चांगला फेस येतो. वाफ देताना ६० ते ६५ अंशांवर थांबा, त्यापुढे गोडवा जातो. एक बॉयलरच्या मशीनमध्ये वाफ घेतल्यावर लगेच कॉफी काढू नका. आधी पंप चालवून पाणी सोडा, म्हणजे बॉयलर थंड होतो आणि भरतोही.

११. रोजची आणि महिन्याची निगा

प्रत्येक कपानंतर तोंडातून थोडं पाणी सोडा. वाफेची नळी ओल्या फडक्याने लगेच पुसा आणि क्षणभर वाफ सोडा. आत गेलेलं दूध सुकलं की नळी बुजते. टाकीतलं पाणी रोज बदला. गावचं घर बंद करून मुंबईला जाताना टाकी पूर्ण रिकामी करा.

उलट्या प्रवाहाने तोंड धुण्याला बॅकफ्लश म्हणतात. थ्री-वे, म्हणजे तीन वाटांची, झडप असलेल्या मशीनलाच ते करावं. क्षार काढण्यासाठी कंपनीने सांगितलेलं औषध वापरा, व्हिनेगर नको. तोंडातली रबरी रिंग वर्षा-दीड वर्षाने कडक होते. दांड्याच्या कडेने पाणी गळू लागलं, की ती बदलायची वेळ झाली.

बिया हवाबंद डब्यात, अंधारात ठेवा. फ्रिजमध्ये उघडझाप करू नका, दव धरतं. साठवायच्या असतील, तर आठवड्याच्या लहान पुड्या बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि पुडी खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडा.

मग घ्यायचं कोणतं?

तुडीलसारख्या गावात एकदोन कॉफी पिणाऱ्यांच्या घरासाठी आमचं मत सरळ आहे. ५८ मिलिमीटरचा दांडा, एक बॉयलर, साधी बटणं आणि सहज मिळणारे सुटे भाग असलेलं इटालियन मशीन घ्या. गाज्जिया क्लासिक किंवा रान्चिलियो सिल्विया या जातीचं. त्याच्या जोडीला चांगला ग्राइंडर घ्या. रोज चार-पाच दुधाच्या कॉफ्या लागत असतील आणि वीज भरवशाची असेल, तरच हीट एक्स्चेंजरकडे वळा. पाणी मचूळ असेल आणि गोड्या पाण्याची सोय होत नसेल, तर मशीनवर एक रुपयाही घालू नका. मोका पॉट आणा. आणि यातलं काहीही मागवण्याआधी एक टीडीएस मीटर घ्या, घरातलं पाणी मोजा आणि वायरमनला बोलावून आर्थिंग तपासून घ्या.